शस्त्रक्रियेनंतर वजन परत वाढलंय: जेवण सुधारायचं, इंजेक्शन घ्यायचं, टाके घालायचे की पुन्हा ऑपरेशन?

बॅरिआट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याच्या, शस्त्रक्रियेला तीन-चार वर्षं झाली, वजन छान उतरलं होतं आणि आता काटा परत वर सरकतोय. अशा माणसाला आज चार सल्ले मिळतात. डाएटिशियन म्हणते, जेवण रुळावर आणा. फिजिशियन आठवड्याचं इंजेक्शन सुचवतात. एंडोस्कोपी करणारे डॉक्टर म्हणतात, आतून टाके घालून पोट-आतड्याचा जोड आवळता येईल. सर्जन रिव्हिजनबद्दल बोलतात, म्हणजे दुसरं ऑपरेशन. चारही सल्ले आपापल्या जागी योग्य आहेत. पण यातला कुठला आपला, हे वजन कशामुळे वाढलं यावर ठरतं. ते कळायच्या आत खर्चाचा आकडा किंवा शेजारणीचा अनुभव ऐकून निर्णय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि हे वाढणं लपवू नये. फॉलो-अप चुकवायचा, काट्यावर उभं राहायचं टाळायचं, नातेवाइकांच्या लग्नाला जायचं नाही, यात एक-दोन वर्षं सहज निघून जातात आणि तेवढ्यात पाच किलोचे पंधरा होतात. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास (पोटाचा छोटा भाग वेगळा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडणं) झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं, दहाव्या वर्षी ती घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडं परत येणं हा शरीराचा स्वभावच आहे. त्याची लाज वाटून घेण्यासारखं काही नाही.

आधी हिशोब, मग तपासण्या

समजा उंची १६० सेंमी, ऑपरेशनच्या वेळी वजन ११८ किलो, सगळ्यात कमी झालं तेव्हा ७६ आणि आज ८८. उतरले ४२ किलो, परत आले १२. उतरलेल्या वजनातलं जवळपास २९ टक्के परत आलं. "बारा किलो वाढले" म्हणण्यापेक्षा हा आकडा जास्त कामाचा, कारण वीस किलो उतरलेल्या माणसाचे बारा आणि साठ उतरलेल्याचे बारा सारखे नसतात. हा आकडा पंचवीसच्या पुढे गेला, किंवा शुगर, बीपी, झोपेतलं घोरणं परत आलं, तर थांबू नये.

तपासण्यांत थायरॉइड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), बी१२ आणि डी जीवनसत्त्व, फेरिटिन (लोहाचा साठा) या हव्यातच. एक गोष्ट मात्र हटकून राहून जाते: चालू गोळ्यांची यादी. इन्सुलिन, शुगरच्या काही जुन्या गोळ्या, स्टेरॉइड, मिर्टाझापिन, ओलान्झापिन, व्हॅलप्रोएट, प्रीगॅबालिन यांनी वजन वाढतं. त्या मनाने बंद करायच्या नाहीत, पण पर्याय आहे का हे डॉक्टरांना विचारायलाच हवं. एका गोळीच्या बदलाने जे साधेल, त्यासाठी ऑपरेशन टेबलावर जाण्यात अर्थ नाही.

रचनेत बिघाड आहे का, हे एंडोस्कोपी आणि बेरियमच्या एक्स-रेत दिसतं. स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग कापून उरलेलं नळीसारखं पोट) रुंदावली आहे का, बायपासचा जोड सैल झालाय का, बायपासच्या छोट्या पोटातून वगळलेल्या मोठ्या पोटात वाट पडली आहे का, हे बघूनच टाके आणि ऑपरेशन यांचा विचार सुरू होऊ शकतो. रचना धड असेल तर ते दोन्ही पर्याय सहसा यादीतून काढून टाकावेत.

जेवण सुधारणं: सगळ्यांत स्वस्त, आणि सगळ्यांत जास्त गैरसमज असलेलं

ज्यांचं वजन वाढलंय त्यातले बरेच जण मनापासून सांगतात, "मी तर जेवतच नाही फारसं." ते खरं असतं. दिवसभराची वही बघितली की सकाळी चहाबरोबर दोन मारी, अकराला मूठभर चिवडा, दुपारी थोडासा वरणभात, चारला चहा-खारी, रात्री वाटीभर मऊ खिचडी. एकही ताट मोठं नाही. पण हे सगळं मऊ, पातळ किंवा तोंडात विरघळणारं आहे. लहान झालेल्या पोटात ते टिकत नाही, लगेच पुढे सरकतं आणि दीड तासात हात पुन्हा डब्यात जातो. एवढ्या दिवसभराच्या खाण्यातून प्रोटीन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम मिळतं. गरज असते किमान साठ ग्रॅमची. प्रोटीन कमी पडलं की स्नायू झडतात, आणि स्नायू झडले की बसल्या जागी जळणारी ऊर्जाही घटते.

शाकाहारी घरात साठ ग्रॅम गाठणं कठीण आहे हे मान्य. वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅम असतात, आणि पातळ वरणात त्याहूनही कमी. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, एका अंड्यात सहा. म्हणून ताटाचा क्रम उलटा करावा लागतो: आधी पनीर, अंडं, मासा, चिकन किंवा घट्ट उसळ, मग भाजी आणि पोटात जागा उरलीच तर अर्धी भाकरी. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तासही नाही, कारण पाण्याबरोबर घास लवकर खाली उतरतो. दिवसात तीन-चारदाच बसून खायचं, मध्ये चरायचं नाही. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्याऐवजी दही आणि मूठभर दाणे बरे. दिवाळीत एखादी करंजी खाल्ली तर काही बिघडत नाही. फराळाचा डबा पंधरा दिवस स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडा राहतो, तिथे खरी गडबड होते. जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा किंवा रबरी पट्ट्यांचा व्यायाम हवा. नुसत्या चालण्याने स्नायू परत येत नाहीत.

"पाउच रिसेट" नावाने पाच दिवस फक्त पातळ पदार्थांवर राहायचा जो प्रकार फिरतो, त्याने पोट आकसत नाही. पाण्याचं वजन उतरतं आणि सहाव्या दिवशी भूक खवळते.

या पर्यायाची मर्यादाही स्पष्ट आहे. वाढ थांबवायला आणि काही किलो उतरवायला तो चांगला. पण खरी भूक परत आली असेल, म्हणजे पोटभर प्रोटीन खाऊनही दोन तासांत खड्डा पडत असेल, तर फक्त निर्धाराच्या जोरावर वर्षभर झगडत राहणं हा त्या माणसावर अन्याय आहे. तीन महिने नीट करून बघावं. तेवढ्यात काटा थांबलाही नाही तर दोष माणसाचा नाही, पुढचा पर्याय घ्यावा.

इंजेक्शन: ज्यांची भूक परत आली त्यांच्यासाठी

भारतात भूक कमी करणारं टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये माउंजारो नावाने आलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये सेमाग्लुटाइड वेगोव्ही नावाने. दोन्ही आठवड्यातून एकदा घ्यायची. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के आणि टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत २०.९ टक्के वजन उतरलं. मात्र या दोन्ही चाचण्यांत वजनाची शस्त्रक्रिया झालेल्यांना घेतलं नव्हतं, हे ध्यानात ठेवायला हवं. शस्त्रक्रिया झालेल्यांवर नीट झालेला एक प्रयोग लंडनचा, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला. ऑपरेशननंतर वजन पुरेसं न उतरलेल्या ७० जणांत रोजच्या लिराग्लुटाइड इंजेक्शनने २४ आठवड्यांत वजन ८.८ टक्के उतरलं, नुसतं खोटं औषध घेतलेल्यांचं अर्धा टक्का. लिराग्लुटाइड हे यातलं जुनं आणि सौम्य औषध, त्यामुळे नव्या औषधांकडून जास्त अपेक्षा ठेवणं गैर नाही.

दुसऱ्या ऑपरेशनशी तुलना केली तर इंजेक्शनचा मोठा फायदा हा की नाही जमलं तर थांबता येतं. मोठा तोटाही तोच: थांबलं की परिणामही संपतो. सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचं उतरलेलं दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं होतं. म्हणून "चार महिने घेऊन बघते" या बेताने सुरू करू नये. बाजारात आलं तेव्हा माउंजारोच्या २.५ मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपये होती. आठवड्याला एक कुपी धरली तर महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती, त्यामुळे आता केमिस्टकडे त्याच औषधाचे दुसऱ्या कंपन्यांचे भाव जरूर विचारावेत. दोन-तीन वर्षांचा खर्च झेपेल का, हा हिशोब पहिल्या इंजेक्शनच्या आधी घरात बसून करावा.

शस्त्रक्रिया झालेल्यांना दोन जास्तीच्या काळज्या घ्याव्या लागतात. पोट आधीच लहान, त्यात औषधाने जेवण आणखी घटलं की प्रोटीन आणि जीवनसत्त्वं दोन्ही खाली जातात. सतत उलट्या होत असतील तर बी१ जीवनसत्त्व कमी पडून नसांना आणि मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून "औषध लागू पडतंय" म्हणून उलट्या सोसत बसायचं नाही, डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायचा. दुसरी काळजी तरुण बायकांची. टिर्झेपाटाइड सुरू करताना आणि डोस वाढवताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, आणि बायपास झालेलीला त्या गोळ्या तशाही पुरेशा भरवशाच्या नाहीत. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर असेल तर हा मार्ग टाळावा.

आतून टाके: थोड्यांसाठी, पण त्यांना उपयोगी

हा पर्याय मुख्यतः गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचा. छोटं पोट आणि आतडं यांचा जोड रुंदावला की अन्न थांबत नाही. तोंडातून दुर्बीण घालून तो जोड पुन्हा आवळतात. बाहेरून चीर नाही, रुग्णालयातला मुक्काम एखाद-दुसरा दिवस. पाच वर्षांपर्यंत पाठपुरावा केलेल्या रुग्णांत सरासरी आठ-नऊ टक्के वजन उतरलेलं राहिलं. ८८ किलोच्या माणसाला ते सात-आठ किलो. तेवढ्याने तुमची अडचण सुटणार असेल आणि एंडोस्कोपीत जोड खरंच सैल दिसला असेल, तर दुसऱ्या ऑपरेशनपेक्षा हे आधी करावं. जोड ठीक असेल तर पैसे वाया. आणि हे फार थोड्या ठिकाणी होतं, तेव्हा त्या डॉक्टरांनी स्वतः किती केलेत हे विचारायला संकोच करू नये.

दुसरं ऑपरेशन: छातीतली जळजळ असेल तर आधी याचा विचार

स्लीव्ह झालेल्यांना वजनाइतकाच छळणारा त्रास असतो रिफ्लक्सचा. रात्री आडवं पडलं की आंबट पाणी घशाशी येतं, गोळ्या चालूच. फिनलंडमधल्या दहा वर्षांच्या अभ्यासात स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेत सूज दिसली, बायपासवाल्यांत ७ टक्के. अशा माणसाला स्लीव्हचं गॅस्ट्रिक बायपास करून दिलं की जळजळीत खूप फरक पडतो. इथे इंजेक्शन उलट त्रास वाढवू शकतं, कारण त्याने पोट हळू रिकामं होतं.

पण रिफ्लक्स नाही, स्लीव्ह नीट आहे आणि फक्त वजन वाढलंय, अशा माणसाला मी ऑपरेशनच्या आधी इंजेक्शनकडे पाठवेन. दुसऱ्यांदा पोट उघडताना जुने चिकटे (आतले अवयव एकमेकांना चिकटवणारे व्रण) असतात, गळती आणि रक्तस्राव यांचा धोका पहिल्यापेक्षा जास्त. शिवाय स्लीव्हचं बायपास केल्याने वजनात मिळणारी भर पहिल्या ऑपरेशनसारखी डोळे दिपवणारी नसते. जास्त आतडं वगळणारी ऑपरेशनं जास्त वजन उतरवतात, पण त्यांत प्रोटीन आणि जीवनसत्त्वांची कमतरता आयुष्यभर मागे लागते. ज्याने गेल्या दोन वर्षांत जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेतल्या नाहीत की रक्त तपासलं नाही, त्याने तसलं ऑपरेशन करून घेऊ नये. विडी-सिगारेट सुटली नसेल तर बायपासच्या जोडावर अल्सर होतो, तेव्हा ती आधी सुटायला हवी. पोटाभोवती पट्टा (बँड) बसवलेल्यांची गोष्ट सोपी: पट्टा सरकला किंवा रुतला असेल तर तो काढायचाच, पुढचं नंतर बघायचं.

विम्याचंही आधी बघून घ्या. लठ्ठपणाच्या ऑपरेशनसाठी पॉलिसीत साधारणपणे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४०, किंवा हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं), काबूत नसलेला मधुमेह यांपैकी काही असेल तर ३५, अशी अट असते. वरच्या उदाहरणातल्या ८८ किलोच्या व्यक्तीचा बीएमआय ३४ च्या आसपास येतो, म्हणजे फक्त वजनासाठी दावा मंजूर होणं अवघड. पण ऑपरेशन रिफ्लक्ससाठी असेल तर एंडोस्कोपीचा रिपोर्ट जोडून पूर्वमंजुरी मागता येते.

कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना पहिल्या ऑपरेशनचे टिपण बरोबर हवं. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. स्लीव्ह किती जाडीच्या नळीवर शिवली, बायपासमध्ये किती सेंटिमीटर आतडं वगळलं, हर्निया दुरुस्त केला होता का, हे त्या टिपणातच असतं. नसेल तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करून मागवा. त्यासोबत सात दिवसांची खाण्याची खरी वही, चालू गोळ्यांची पाकिटं आणि तीन आकडे: सुरुवातीचं वजन, सगळ्यात कमी वजन, आजचं वजन.