खांद्यापर्यंतचे हातमोजे: रानडुक्कर फाडताना किती कामाचे?

शिकारीच्या सामानात 'फील्ड ड्रेसिंग किट' (शिकार जागीच फाडून साफ करण्याचं साहित्य) म्हणून मिळणाऱ्या पाकिटात बहुधा दोनच जोड निघतात: खांद्यापर्यंत चढणारे पातळ पॉलिथिनचे मोजे आणि मनगटापर्यंतचे छोटे. रानडुकरासाठी एवढ्यावर भागत नाही.

लांब मोजा मात्र हवाच. ब्रुसेला सुइस हा ब्रुसेलोसिस नावाचा तापाचा आजार देणारा जिवाणू रक्तातही सापडतो, पण गर्भाशय, गर्भजल आणि वृषण इथे त्याचा मोठा साठा असतो. कोथळा काढताना हात कोपराच्या वरपर्यंत आत जातो. झुडपांतून आलेल्या हातावर ओरखडे असणारच, आणि जिवाणूला तेवढी वाट पुरते. गाभण डुकरीण असेल तर जपून हात घालावा.

लांब मोज्याची खोड अशी, की तो सैल असतो. बोटांची पकड जाते, मोजा खाली घसरतो आणि फासळीच्या तुटक्या टोकाला अडकून टरकन फाटतो. उपाय सोपा: आधी लांब मोजा, त्यावर घट्ट नायट्राईलचा (कृत्रिम रबराचा) मोजा, आणि दंडावर सैलसर रबर बँड. किटमधला छोटा जोड या कामाचा नाही. तपासणीचे साधे मोजे जेमतेम 0.1 मिमी जाडीचे असतात. वेगळे घेताना 0.2 मिमीच्या आसपासचे, म्हणजे पाकिटावर '8 मिल' (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लिहिलेले घ्यावेत. सुरीचं पातं यातलं काहीच अडवत नाही. म्हणून सुरी नसलेल्या हातात, नायट्राईलच्या आत, कापरोधक विणलेला मोजा घालावा. वरून घातला तर तो रक्त पिऊन बसतो.

किटमध्ये चष्मा नसतो, ही मोठी उणीव. मूत्राशयाला सुरी लागली की उडणाऱ्या लघवीत लेप्टोस्पायरा हा रोगकारक जिवाणू असू शकतो, आणि तो डोळ्यांतूनही शरीरात शिरतो.

मोजे उलटे करत काढा, मग साबणाने किमान 20 सेकंद हात धुवा. सुरी आधी घासून स्वच्छ करा, कारण रक्त-चरबी राहिली तर ब्लीचचा जोर तिथेच संपतो. त्यानंतर 1 भाग घरगुती ब्लीच, 9 भाग पाणी, 10 मिनिटं. पुन्हा धुऊन लगेच कोरडी करा, नाहीतर पातं गंजतं. वापरलेले मोजे आणि आतडी खोल पुरावीत. कुत्र्यांना कच्चं मांस तर अजिबात नको: डुकरांकडून पसरणारा ऑजेस्की हा विषाणूजन्य रोग माणसाला क्वचितच होतो, कुत्रा मात्र बहुधा दोन-तीन दिवसांत दगावतो.

मोज्यांचा उपयोग हाताळण्यापुरता. ट्रायकिनेला या मांसातल्या परजीवी कृमीच्या अळ्या मांस शिजल्यावरच मरतात: आतून 71 अंश सेल्सिअस, थर्मामीटर लावून. धुरावणं, खारवणं, वाळवणं यांवर विसंबू नये. गोठवण्यावरही नाही, कारण शिकारीच्या मांसातल्या काही प्रजाती थंडीला दाद देत नाहीत.

येत-जात राहणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी ही ब्रुसेलोसिसची लक्षणं बहुधा दोन ते चार आठवड्यांत दिसतात. कधी पाच दिवसांत, कधी काही महिन्यांनी. तेव्हा फाटलेला मोजा आठवत नाही. डॉक्टरांना रानडुक्कर हाताळल्याचं आपणहून सांगावं, आणि रक्ताचं कल्चर (रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी) पाठवताना ब्रुसेलोसिसचा संशय प्रयोगशाळेला कळवायला सांगावं. नमुना हाताळणाऱ्यांनाही याची लागण होते.