एम.एस्सी.चा प्रोजेक्ट: दह्यातले जिवाणू, विकतचं पेप्टाइड की टॉक्सिन?

शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि जंतू मारणारं पण रक्तपेशी न फोडणारं काहीतरी शोधायचं मनात असेल, तर माझं मत आधीच सांगते: हातात एकच सेमिस्टर असेल तर दह्याकडे वळा.

नमुन्यांना इथे तोटा नाही. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं, घरोघरी विरजण असतं. त्यातले लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू एमआरएस अगारवर, म्हणजे त्यांच्यासाठीच्या थिजवलेल्या खाद्यावर, सहज वाढतात. नायसिन हे 34 अमिनो आम्लांचं पेप्टाइड (प्रथिनासारखी, पण छोटी साखळी) याच कुळातल्या लॅक्टोकोकस लॅक्टिसने दिलं, आणि आज ते ई 234 या क्रमांकाने खाद्यपदार्थ टिकवायला वापरतात.

जंतू पसरलेल्या अगारमध्ये छोटी विहीर पाडून तिच्यात आपल्या जिवाणूंचं द्रावण घालतात. फसगत होते ती विहिरीभोवतीचा, जंतू न वाढलेला झोन बघून. तो नुसत्या लॅक्टिक आम्लामुळेही येतो. म्हणून जिवाणू खाली बसवून वरचं द्रावण आधी उदासीन करा, कॅटालेज हे एन्झाइम घालून हायड्रोजन पेरॉक्साइड काढा, मग थोड्या भागात प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, घाला. झोन त्या भागातच नाहीसा झाला, तर मारणारा पदार्थ प्रथिन जातीचा आहे म्हणता येतं.

रक्ताची चाचणी जिवाणू आणि पेप्टाइड दोन्हीकडे लागते, पण प्रश्न वेगळा. जिवाणूसाठी मेंढीच्या 5 टक्के रक्ताची अगार प्लेट 24 तास 37 अंशांवर ठेवा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. वसाहतीभोवती आरपार दिसलं तर बीटा, हिरवट छटा आली तर अल्फा, काहीच बदल नाही तर गॅमा, म्हणजे नॉन-हिमोलिटिक, रक्तपेशी न फोडणारा. पण गॅमा म्हणजे निरुपद्रवी असं कृपा करून प्रबंधात लिहू नका. एन्टेरोकोकस फीकॅलिस बहुधा गॅमाच असतो आणि तरी हृदयाच्या झडपांना संसर्ग करतो. बॅसिलस सिरिअसच्या एका विषाच्या तर नावातच ‘नॉन-हिमोलिटिक’ आहे, आणि पुढे तेही रक्तपेशी फोडतं असं दिसलं.

विकतचं पेप्टाइड जास्त स्वच्छ उत्तर देतं. अमिनो आम्लांचा क्रम माहीत, शुद्धता माहीत. धुतलेल्या तांबड्या पेशींत ते मिसळायचं, तासभर उबवायचं, सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रावणाचं 540 नॅनोमीटरला लाल रंगाचं रीडिंग घ्यायचं. ट्रायटन या डिटर्जंटने सगळ्या पेशी फोडलेली नळी म्हणजे 100 टक्के. मधमाशीच्या विषातलं, पेशी फोडणारं मेलिटिन शेजारच्या नळीत ठेवलं, की लालभडक द्रावण बघून फरक लगेच कळतो. ही चाचणी किती मोलाची, ते ग्रॅमिसिडिन सांगतं: 1939 मध्ये रेने द्युबो यांनी ते मातीतल्या जिवाणूपासून मिळवलं, पण रक्तपेशी फोडत असल्याने ते वरून लावण्यापुरतंच राहिलं. अडचण पैशाची आहे. प्रत्येक अमिनो आम्लागणिक किंमत वाढते, आणि पार्सल उशिरा आलं तर सेमिस्टर थांबत नाही.

टॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचं विष, हा विषय वाचायला सुंदर आहे. ई. कोलायच्या उष्णतेला टिकणाऱ्या विषावरून लिनाक्लोटाइड हे बद्धकोष्ठतेचं औषध बनलं, 2012 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. पण विष तयार करणं साध्या कॉलेज लॅबचं काम नव्हे. त्यावर रिव्ह्यू लिहा.

कॉलेजकडे निधी मंजूर असेल, तर मात्र मी पेप्टाइडच निवडेन. तेव्हा एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा) आणि निम्म्या रक्तपेशी फुटण्याची मात्रा, दोन्ही एकाच लॉटमधून काढा, आणि माणसाचं रक्त घेणार असाल तर नैतिकता समितीचा अर्ज ऑर्डरच्या आधी द्या.