आरसी चार्जिंगचं किट: जरूर घ्या, फक्त त्यावरचा मीटर वापरू नका

घरात कुणी बारावी सायन्सला असेल तर रेझिस्टरमधून (आर) कॅपॅसिटर (सी) कसा चार्ज होतो ते दाखवणारं हे किट घ्याच, पण त्यावर बसवलेला काट्याचा मीटर सोडवून ठेवा. तेवढं केलंत की पैसा वसूल.

मी भाचीसाठी पुण्यात बुधवार पेठेतून घेतलं. 10 के आणि 100 के (किलोओम) चे रेझिस्टर, 470 आणि 2200 मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर, चार्ज-डिस्चार्जचा टॉगल स्विच आणि 9 व्होल्टचा अडॅप्टर, बास. सोल्डरिंग स्वच्छ आहे, कॅपॅसिटरची मायनस बाजू ठळक दाखवलीय, आणि ते हवंच कारण असा इलेक्ट्रोलिटिक (प्लस-मायनस ठरलेला) कॅपॅसिटर उलटा लागला की फुगतो, कधी फुटतोही.

मला सगळ्यात आवडल्या त्या व्हॅल्यू. 100 के गुणिले 470 मायक्रो म्हणजे टाइम कॉन्स्टंट (63 टक्के चार्ज व्हायला लागणारा वेळ) 47 सेकंद, त्यामुळे ऑसिलोस्कोप वगैरे काही लागत नाही, मोबाईलवर स्टॉपवॉच लावायचं आणि वहीत रीडिंग उतरवत बसायचं. स्विच टाकला की व्होल्टेज आधी भराभर चढतं, सेकंदाला जवळपास 0.19 व्होल्ट, आणि मग मंदावत जातं, कारण 9 मधून कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज वजा केलं की जे उरतं तेवढंच रेझिस्टरमधून करंट ढकलायला असतं, सुरुवातीला 90 मायक्रोअँपिअर आणि कॅपॅसिटर 8 व्होल्टला आला की फक्त 10. पुस्तकातल्या सूत्रावरून भाचीच्या हे काही केल्या गळी उतरत नव्हतं, आकडे समोर चढताना बघून उतरलं!! हिशोबाने पहिल्या 47 सेकंदात 63 टक्के म्हणजे 5.7 व्होल्ट, पुढच्या 47 ला 7.8, मग 8.55. मॅन्युअलमध्ये पाच टाइम कॉन्स्टंटनंतर 'पूर्ण चार्ज' असं छापलंय, खरं तर तेव्हा 99.3 टक्के झालेलं असतं, तेवढं एका ओळीत सांगायला हवं होतं.

आता मीटर. त्याचा स्वतःचाच रेझिस्टन्स 100 के निघाला आणि तो कॅपॅसिटरला पॅरलल जोडलेला, म्हणजे 100 के च्या रेझिस्टरबरोबर सरळ व्होल्टेज डिव्हायडर झाला, 9 व्होल्ट दोघांत निम्मे वाटले गेले. काटा साडेचारवर जाऊन बसतो तो पुढे सरकतच नाही, वर टाइम कॉन्स्टंटही निम्मा होतो. शिकणाऱ्या मुलांना वाटणार सूत्रच चुकीचं आहे, आणि शिकवण्यासाठी विकायच्या वस्तूत हे अजिबात चालणार नाही, कंपनीने बदलायलाच पाहिजे. आम्ही तो काढून साधा डिजिटल मल्टिमीटर लावला, त्याचा इनपुट रेझिस्टन्स 10 मेगओम असतो, मग व्होल्टेज छान 8.9 पर्यंत गेलं.

5.7 ला पोचायला 47 ऐवजी 53 सेकंद लागले, पण तो किटचा दोष नाही, इलेक्ट्रोलिटिकमध्ये 20 टक्के इकडेतिकडे चालतं. आमचा 470 वाला सव्वापाचशेच्या आसपास भरतो, हे भाचीने रीडिंगवरूनच काढलं आणि तिला सगळ्यात जास्त मजा त्यातच आली.

मल्टिमीटर नसेलच तर 10 के आणि 2200 ची जोडी वापरा, काटा 8.2 पर्यंत तरी जातो. आणि दरवेळी स्विच डिस्चार्जला टाकून शून्य येईपर्यंत थांबा, नाहीतर पुढचं सगळं रीडिंग वाया जातं.