तार नक्की किती लांबून येते? नऊ महिन्यांच्या ब्रॉडबँडचा अनुभव

नऊ महिने झाले. पहिले पाच तांब्याच्या लाइनवर, नंतरचे चार फायबरवर. घर तेच, टेबल तेच, लॅपटॉपही तोच, त्यामुळे तुलना सरळ आहे.

तांब्याचं कनेक्शन व्हीडीएसएलचं (टेलिफोनच्या तारेवरून वेगवान इंटरनेट देणारं तंत्र), प्लॅन ५० एमबीपीएसचा. पहिल्या दिवसापासून मिळत होते २६-२७. तक्रार केली की तिकडून ठरलेलं उत्तर, राउटर बंद करून चालू करा. केला. इतक्या वेळा केला की त्याचं बटण सैल झालं. आमची लाइन जिथून निघते ती कंपनीची पेटी आमच्या गच्चीवरून दिसते, फार तर चारशे मीटरवर. त्यामुळे अंतराचा काही संबंध नाही, असं मी धरूनच चालले होते. शेवटी एकदा लाइनमन आला. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "ताई, तार काय गच्चीवरून उडी मारून येते का? रस्त्यारस्त्यानं येते ती." त्याच्या यंत्रावर लाइन भरली अकराशे मीटर.

तिथेच सगळा उलगडा झाला. व्हीडीएसएल वेग मिळवतं ते खूप वरच्या फ्रिक्वेन्सी वापरून. नेहमीच्या प्रकारात १७ मेगाहर्ट्झपर्यंत. त्याच्या आधीचं जुनं तंत्र, एडीएसएल२प्लस, २.२ मेगाहर्ट्झवरच थांबायचं. आणि तांब्यात जितकी फ्रिक्वेन्सी वरची तितकी ती लवकर विरते. म्हणून पेटीपासून तीनशे-चारशे मीटरमध्ये राहणाऱ्याला शंभराच्या आसपास मिळू शकतात, आणि किलोमीटर ओलांडला की तीच लाइन हळूहळू एडीएसएलच्या पंक्तीला जाऊन बसते. प्लॅनवरचा ५० हा आकडा माझ्या तारेला कुणी विचारून लिहिलेला नव्हता.

त्यानंतर मला राउटरच्या आतलं लाइनची माहिती देणारं पान उघडायची सवय लागली (नाद म्हटलं तरी चालेल). तिथे नॉइज मार्जिन म्हणून एक आकडा असतो: गोंगाटाच्या वर सिग्नलला किती मोकळीक उरली आहे, तो. सकाळी ६ डीबी (डेसिबल, सिग्नलची ताकद किंवा घट मोजायचं एकक). रात्री नऊनंतर, आजूबाजूची सगळी कनेक्शनं जागी झाली की २-३. एकाच जाड केबलमधल्या शेजारच्या तारांच्या जोड्यांचा आवाज एकमेकींत झिरपतो, त्याचा हा परिणाम. मार्जिन आणखी खाली गेलं की लाइन तुटायची, आणि राउटर पुन्हा जुळवाजुळव करत बसायचा. नेमकी मीटिंग चालू असताना.

एक गोष्ट मात्र मी स्वतः सुधारली. टेलिफोनची एक जुनी वायर हॉलमधल्या डबीतून आतल्या खोलीत गेली होती. तिच्या टोकाला काही नाही, नुसता धूळ खाणारा सॉकेट. असा बंद फाटा वाटतो निरुपद्रवी. पण सिग्नल त्यात शिरतो, टोकावर आपटून परत येतो आणि मूळ सिग्नलमध्ये कालवाकालव करतो. डबी उघडून ती जोडी सोडवली. २७ चे ३४ झाले. खर्च शून्य. लाइनमननेही त्या डबीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, हे नोंदवून ठेवते.

मग फायबर आलं. प्लॅन २०० चा. आता अंतराची कटकट संपली म्हणून मी निर्धास्त, आणि स्पीड टेस्टमध्ये ९४. सकाळी ९४, रात्री ९४, पावसात ९४. दहा दिवस कंपनीशी भांडले. खरं तर इतका स्थिर आकडा पाहूनच शंका यायला हवी होती. फायबरच्या डब्यापासून टेबलापर्यंतची नेटवर्क केबल दाराच्या फटीतून गेली होती आणि रोज दाराखाली चेंगरत होती. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एक जरी तुटली तरी गाडी १०० वर उतरते, आणि त्यातून हातात पडतात ते साधारण ९४. राउटरच्या त्या पोर्टचा दिवा हिरव्याऐवजी नारिंगी होता, रोज डोळ्यांसमोर. केबल बदलली, १९५ आले. कंपनीच्या त्या बाईंची माफी मात्र मागायची राहून गेली.

फायबरमध्ये लांबीचं गणितच वेगळं. काचेत किलोमीटरला जेमतेम ०.३५ डीबी घट होते. वाटेत एका धाग्याचे ३२ घरांसाठी फाटे करणारा स्प्लिटर मात्र एका दमात १५ डीबी खातो, म्हणजे चाळीस किलोमीटर काचेपेक्षा जास्त! माझ्याकडे उजेड पोचतो उणे १९ डीबीएमच्या आसपास (उजेडाच्या ताकदीचं माप; उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी). साफसफाईत कपाट भिंतीला सारलं आणि वायरला कडक मोड पडला तेव्हा तो थेट उणे २७ वर गेला, थोड्याच वेळात लाल दिवा. कपाट चार बोटं पुढे ओढल्यावर सगळं पूर्ववत. दोन मीटरच्या वायरीतला एक मोड वीस किलोमीटरला भारी पडला.

घरात गेम खेळणाऱ्यांनी फायबरवर जास्तच आशा लावली होती. कंपनीच्या पहिल्या टप्प्यापर्यंतचा पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, २२ मिलिसेकंदांवरून ३ वर आला, हे खरं. पण त्यांचा आवडता सर्व्हर सहा हजार किलोमीटरवर आहे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन ६० मिलिसेकंद तिथेच गेले, आणि तेही केबल सरळ रेषेत असती तर. ती नसतेच, त्यामुळे दिसतात ९० च्या पुढे. प्लॅन २०० वरून ५०० करू या, अशी मागणी त्यावर आली होती. मी नाही म्हटलं.