गेम विकत घेतला, चालवायची परवानगी मात्र तीनदाच

चौथ्यांदा गेम टाकला तेव्हा पडद्यावर दोन ओळी आल्या. या कोडची ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली आहे, मदत केंद्राशी संपर्क साधा. ॲक्टिव्हेशन म्हणजे कोड टाकून कंपनीच्या सर्व्हरकडून गेम चालवायची परवानगी घेणं. डिस्क माझी, पावती माझी, कोड माझ्याच खोक्यातला. संगणकसुद्धा तोच, फक्त हार्ड डिस्क नवी. तरी मला माझ्याच गेमच्या दाराबाहेर उभं केलं होतं.

याला मी फसवणूक म्हणते आणि विचार करून म्हणते. खोक्याच्या मागे अगदी बारीक अक्षरात ‘ॲक्टिव्हेशनसाठी इंटरनेट आवश्यक’ एवढंच छापलं होतं. तीन हा आकडा कुठेच नव्हता. तो होता करारनाम्यात, आणि करारनामा दिसतो डिस्क आत घातल्यावर. तोवर खोकं फोडलेलं असतं आणि फोडलेला गेम दुकान परत घेत नाही. म्हणजे अट कळेपर्यंत माघार घ्यायची वाटच बंद झालेली असते.

तीन वेळा कशा संपल्या ते सांगते, कारण तुमच्याही अशाच संपतील. पहिली अर्थात गेम आणला त्या दिवशी. दुसरी, विंडोज बिघडून सगळं नव्याने टाकावं लागलं तेव्हा. तिसरी मदरबोर्ड जळून नवा बसवला तेव्हा. गेमला कुलूप लावणारं सॉफ्टवेअर संगणकातल्या सुट्या भागांवरून त्याची ओळख ठरवतं. महत्त्वाचा भाग बदलला की त्याच्या लेखी तो दुसराच संगणक. त्यानंतर हार्ड डिस्क गेली आणि खेळ आटोपला. कुणाला प्रत दिली नाही, दुसऱ्या घरी टाकली नाही.

गेम काढून टाकला की ॲक्टिव्हेशन आपोआप परत जमा होतं, अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. त्यासाठी वेगळा डीॲक्टिव्हेशनचा प्रोग्रॅम चालवावा लागतो, तोही त्याच संगणकावर आणि तो चालू स्थितीत असताना. मेलेल्या हार्ड डिस्कवर तो कसा चालवायचा, याचं उत्तर मदत केंद्राकडेही नव्हतं.

त्यांना लिहिलं. आधी यंत्राने पाठवलेलं उत्तर आलं. मग पावतीचा फोटो मागितला. मग कोड छापलेल्या पानाचा फोटो, शेजारी तक्रारीचा क्रमांक हाताने लिहून. मग प्रश्न: हा गेम किती संगणकांवर टाकलात? पैसे भरणाऱ्या माणसाने आपण चोर नाही हे सिद्ध करायचं, याचा मला आजही राग येतो. अकरा दिवसांनी एक ॲक्टिव्हेशन वाढवून मिळालं. एकच.

दुसऱ्यांदा फसले ती माझ्या घाईमुळे. काही वर्षांनी तोच गेम एका ऑनलाइन दुकानात डिजिटल स्वरूपात दिसला. आता डिस्क नाही म्हणजे कुलूपही नसेल, असं धरून पुन्हा पैसे भरले. कुलूप तेच होतं. विक्रीच्या पानावर अगदी खाली, संगणकाला काय काय लागतं त्या माहितीजवळ, त्रयस्थ कंपनीचं डीआरएम (म्हणजे हेच डिजिटल कुलूप) आणि ॲक्टिव्हेशनची मर्यादा असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. पुढे गेमच्या कंपनीने ॲक्टिव्हेशनचा सर्व्हरच बंद केला. आता खोक्यातली प्रत आणि डिजिटल प्रत, दोन्ही नव्या संगणकावर उघडत नाहीत.

हे माझ्या एकटीचं नशीब नाही. २००८ मध्ये ‘स्पोर’ हा गेम आला तो सिक्युरॉम हे संरक्षण आणि तीन ॲक्टिव्हेशन घेऊन. गिऱ्हाइकांचा संताप झाला तेव्हा कंपनीने मर्यादा पाचवर नेली, तरी अमेरिकेत कोर्टात दावा दाखल झालाच. चोरट्या प्रतीत मात्र हे कुलूप नव्हतंच. २०१० मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीने ‘असॅसिन्स क्रीड २’च्या संगणक आवृत्तीला एकट्याने खेळतानाही सतत इंटरनेट सक्तीचं केलं. त्याच मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे देऊन गेम घेतलेले लोक ताटकळत बसले.

जुन्या डिस्कांची गत आणखी वाईट. सेफडिस्क नावाचं संरक्षण विंडोजच्या गाभ्यात आपला ड्रायव्हर, म्हणजे खोलवर अधिकार असलेला छोटा प्रोग्रॅम, चालवत असे. २००७ मध्ये त्यात असं भोक सापडलं की संगणकाचा ताबा परक्याच्या हाती जाऊ शकत होता. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने हा ड्रायव्हर घेतलाच नाही आणि त्यावर अवलंबून असलेले गेम मूळ डिस्कवरून सुरू होईनात. मायक्रोसॉफ्टचा निर्णय मला पटतो. भोक असलेली वस्तू माझ्या संगणकात मला न विचारता कुणी ठेवली, हा माझा प्रश्न आहे. माझ्या कपाटातल्या चार डिस्का त्या दिवसापासून नुसत्या पडून आहेत.

‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही त्यासोबत गेला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला: डिजिटल वस्तूवर ‘विकत घ्या’ लिहायचं असेल, तर हा फक्त परवाना आहे हे गिऱ्हाइकाला आधी उघड सांगावं लागतं. एवढी साधी ओळ माझ्या खोक्यावर असती तर मी ते जागेवर ठेवून परत आले असते.

आता मी पैसे भरण्याआधी विक्रीचं पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. डीआरएम, ॲक्टिव्हेशन, सतत इंटरनेट, वेगळं खातं, यातला एक शब्द दिसला तरी थांबते. तोच गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात आहे का ते पाहते, कारण तिथले गेम बिनकुलपाचे असतात आणि त्यांची इन्स्टॉलरची फाइल स्वतःकडे जपून ठेवता येते. स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतला तर त्याच आठवड्यात चालवून बघते. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. अडकल्यावर क्रॅक, म्हणजे कुलूप तोडणारी चोरटी फाइल, शोधायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण अशा फाइलीत काय भरलंय ते कळायला मार्ग नाही आणि त्याच संगणकावर माझ्या बँकेचे व्यवहार चालतात, म्हणून हात आवरला.

आणि तुमच्याकडे मर्यादा असलेला जुना गेम असेल, तर विंडोज नव्याने टाकण्याआधी, संगणक विकण्याआधी, एखादा भाग बदलण्याआधी डीॲक्टिव्हेशन करून घ्या. सर्व्हर अजून चालू आहे का तेही आजच तपासा. माझा बंद होणार असल्याची सूचना कंपनीने आपल्या संकेतस्थळावर टाकली होती म्हणे. मला एक ईमेलसुद्धा आला नाही, आणि माझा पत्ता त्यांच्याकडे त्या अकरा दिवसांपासून होता.