शेव्हरोलेट डीआरसीई-3 : कुणी घ्यावं आणि घेतल्यावर काय सांभाळावं

डीआरसीई म्हणजे ड्रॅग रेस कॉम्पिटिशन इंजिन, सरळ आणि छोट्या पट्ट्यावरच्या शर्यतीसाठीचं. नाव असं असलं, तरी पैसे मोजल्यावर हातात इंजिन पडत नाही. पडतो तो एक लोखंडी ढाळीव ब्लॉक आणि अल्युमिनियमची हेडं. हेडांचे पोर्ट (हवा आत-बाहेर जायच्या वाटा) आणि चेंबर अजून घडवायचे असतात. क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, कॅम, मॅनिफोल्ड, ऑइल पंप हे सगळं बाहेरून आणायचं किंवा करून घ्यायचं. त्यामुळे या मालाचं मोल करायचं ते ओतकामाचं आणि त्यामागच्या आखणीचं. या दोन्ही बाबतीत आमचं मत चांगलं आहे, पण हा माल फार थोड्यांच्या कामाचा आहे.

ही आखणी रस्त्यावरच्या कुठल्याच गाडीतून आलेली नाही. अमेरिकेत ड्रॅग रेस भरवणाऱ्या एनएचआरए या संघटनेच्या प्रो स्टॉक वर्गात 1982 पासून इंजिनाला 500 घनइंचांची मर्यादा आहे. त्या मर्यादेत जास्तीत जास्त हवा आत कशी ओढायची, एवढाच प्रश्न समोर ठेवून जनरल मोटर्सनं ऐंशीच्या दशकात हे इंजिन आखलं. तेव्हा त्यावर नाव ओल्ड्समोबिलचं होतं. पुढे त्याच घराण्याचं इंजिन पाँटिअ‍ॅकच्या बॉनेटखाली गेलं. वॉरन जॉन्सन या ड्रायव्हरनं 1997 मध्ये रिचमंडला प्रो स्टॉकमधला ताशी 200 मैलांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला (200.13 मैल, म्हणजे सुमारे 322 किलोमीटर) तो पाँटिअ‍ॅक फायरबर्डमधूनच. ओल्ड्समोबिल 2004 मध्ये बंद पडली, 2010 मध्ये पाँटिअ‍ॅकही गेली. इंजिन मात्र टिकलं आणि आज ते शेव्हरोलेटच्या नावानं ओळखलं जातं.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ, म्हणजे बोअर सेंटरकडे. शेजारच्या दोन सिलेंडरांच्या मध्यबिंदूंतलं अंतर शेव्हरोलेटच्या नेहमीच्या बिग ब्लॉकमध्ये (मोठ्या व्ही-8 इंजिनात) 4.840 इंच असतं, इथे ते 4.900 इंच आहे. फरक 60 थाउचा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), दीड मिलिमीटरचा. पण प्रो स्टॉकचा ठरलेला हिशेब मांडून बघा : बोअर (सिलेंडरचा व्यास) 4.700 इंच, स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) 3.600 इंच, सिलेंडर आठ. घनफळ येतं 499.7 घनइंच, म्हणजे नियमाच्या काठाला अगदी टेकून. या बोअरला दोन सिलेंडरांमध्ये 200 थाउ म्हणजे 5 मिलिमीटर लोखंड उरतं. हाच बोअर जुन्या बिग ब्लॉकमध्ये काढला तर उरलं असतं फक्त 140 थाउ, साडेतीन मिलिमीटर. हेड गॅस्केट फुटतं ते याच अरुंद पट्टीवर, त्यामुळे तिथला दीड मिलिमीटर सोन्याच्या मोलाचा.

मोठा बोअर आणि आखूड स्ट्रोक यांचे फायदे दोन. व्हॉल्व्ह मोठे बसतात आणि पिस्टनची धाव कमी होते. 10,500 आरपीएमला 3.600 इंच स्ट्रोकच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 32 मीटर असतो. 4 इंची स्ट्रोकला तोच साडेपस्तीसच्या वर जातो आणि रॉड बोल्टवरचा ताणही त्या मानानं वाढतो. एकेका सिलेंडरचं घनफळ 1,020 सीसीच्या वर भरतं. आपल्याकडच्या एक लिटरच्या वॅगनआरचं अख्खं इंजिन 998 सीसीचं आहे, यावरून अंदाज यावा.

हेडांबद्दल मनापासून चांगलं बोलावंसं वाटतं. नेहमीच्या बिग ब्लॉकच्या हेडात इनटेक पोर्ट एकसारखे नसतात. काही सरळ, काही वाकडे, आणि त्यामुळे शेजारशेजारच्या सिलेंडरांना वेगवेगळं मिश्रण आणि वेगळं टायमिंग लागतं. डीआरसीईच्या हेडात पोर्ट सममित आहेत. एका पोर्टवर केलेली मेहनत आठही पोर्टांना लागू पडते. फ्लो बेंचवर (पोर्टातून किती हवा जाते ते मोजणाऱ्या यंत्रावर) महिनोन् महिने घालवणाऱ्याला याची किंमत कळेल. तिसऱ्या आवृत्तीत कॅमही वर उचलला आहे. पुशरॉड (कॅमचा धक्का वर रॉकरपर्यंत नेणाऱ्या दांड्या) आखूड झाले, आणि आखूड पुशरॉड कमी लवतो. पुशरॉड लवला की व्हॉल्व्ह कॅमचं ऐकत नाही.

बांधणीत सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो होनिंगला, म्हणजे सिलेंडरच्या भिंती घासून अचूक मापाला आणण्याला. ब्लॉकवर हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट, प्रत्यक्ष वापरणार तेच गॅस्केट आणि तेच स्टड लावून ठरलेल्या टॉर्कला कसायचं, आणि मगच होन घालायचा. असं न करता बोअर गोल केला, तर हेड कसल्यावर तो लंबगोल होतो. या इंजिनात रिंगा अगदी पातळ आणि कमी ताणाच्या असतात. लंबगोल बोअरला त्या चिकटून चालत नाहीत, आणि मग ताकद क्रँककेसमध्ये गळते. रॉड बोल्ट नुसत्या टॉर्क पान्यावर विसंबून कसू नयेत. बोल्ट किती लांबला ते गेजनं मोजावं, प्रत्येक बोल्टची सुरुवातीची लांबी वहीत नोंदवावी आणि इंजिन उघडलं की पुन्हा मोजावी. मूळ लांबीवर परत न आलेला बोल्ट टाकून द्यावा.

ड्राय संप पंप (तेल इंजिनाबाहेरच्या टाकीत नेणारा पंप) क्रँककेसमधून तेलाबरोबर हवाही ओढून घेतो. तिथं तयार झालेल्या व्हॅक्युममुळेच कमी ताणाच्या रिंगा काम करतात. मात्र हव्यासापोटी व्हॅक्युम वाढवत नेलं तर पिस्टन पिनला तेलाचा फवारा पोचत नाही, पिन ओरखडते आणि शेवटी पकडते. पिन निळी पडलेली दिसली तर आधी व्हॅक्युम बघा.

व्हॉल्व्ह स्प्रिंग हा या इंजिनाचा सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात खर्चिक भाग. व्हॉल्व्ह टायटॅनियमचे, उचल एक इंचाच्या वर, आणि 10,500 आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे 87 वेळा उघडून मिटतो. स्प्रिंगचा दाब उतरला की व्हॉल्व्ह सीटवर बसताना उसळतो. उसळला की डोक्याजवळ चीर जाते आणि एक दिवस डोकं तुटून पिस्टनवर पडतं. मग पिस्टन, हेड, बहुतेक वेळा ब्लॉकही गेला. म्हणून प्रत्येक धावेनंतर हेड न काढता स्प्रिंगचा दाब मोजायचा आणि टॅपेट गॅप (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) बघायचा. गॅप वाढलेला असेल तर रॉकर, रोलर किंवा कॅम झिजतोय. गॅप कमी झालेला असेल तर सीट आत बसतेय किंवा व्हॉल्व्ह ताणला जातोय. हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, तिथं पुढची धाव घेऊच नये. लीकडाऊनही (सिलेंडरमध्ये दाबानं हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) त्याच वेळी करून घ्यावा. हवा इनटेकमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ब्रीदरमधून आली तर रिंगा, आणि शेजारच्या प्लगच्या भोकातून आली तर ती मघाची 5 मिलिमीटरची पट्टी.

2016 मध्ये एनएचआरएनं दोन कार्बोरेटर आणि बॉनेटवरचा स्कूप काढायला लावला, फ्युएल इंजेक्शन सक्तीचं केलं आणि आरपीएमला 10,500 वर लगाम घातला. त्याआधीच्या काळात घडवलेली हेडं आणि कॅम जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. ती घेताना सावध राहा, कारण ती आणखी वरच्या आरपीएमसाठी केलेली आहेत. आज कामाची ताकद हवी ती गियर बदलल्यावर सुई जिथं पडते तिथपासून 10,500 पर्यंत. त्यावरची ताकद कागदावरच राहते.

2018 पासून कुठल्याही कंपनीच्या बॉडीत कुठल्याही कंपनीचं इंजिन चालतं. म्हणूनच फोर्डच्या मस्टँगच्या बॉनेटखालीही हे शेव्हरोलेट सापडतं. 2012 आणि 2013 चं विजेतेपद डॉजनं नेलं होतं. 2014 पासून 2024 पर्यंतचं प्रत्येक विजेतेपद शेव्हरोलेटकडे गेलं. बाकीच्यांची इंजिनं वाईट होती असं नाही. पण सगळे एकाच ओतकामावर काम करू लागले की भाग, कॅमचे आराखडे आणि हाताखालचे कारागीर त्याच्याच भोवती गोळा होतात. नव्या माणसासाठी ही मोठी सोय आहे, वर्गासाठी मात्र नुकसान आहे, कारण वेगळ्या आखणीला उभं राहायला जागाच उरत नाही.

तर घ्यावं कुणी? प्रो स्टॉकमध्ये उतरायचं असेल तर पहिल्या वर्षी ब्लॉक विकत घेऊच नका, नावाजलेल्या संघाकडून इंजिन भाड्यानं घ्या. स्वतःची होनिंग मशीन, फ्लो बेंच आणि डायनो (इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र) असेल तरच ब्लॉकचा विचार करा. घनफळाची मर्यादा नसलेल्या वर्गात हे घेण्यात अर्थ नाही, तिथं मोठ्या बोअर सेंटरचे ब्लॉक पुढे जातात. रस्त्यावरच्या गाडीसाठी तर मुळीच नको.

जुना ब्लॉक घेत असाल तर सिलेंडरांच्या भिंतींच्या जाडीचा सोनिक टेस्टचा कागद मागा आणि आठही सिलेंडरांचे आकडे स्वतः वाचा. बोअर 4.700 च्या पुढे गेलेला असेल तर 3.600 स्ट्रोकला घनफळ लगेच 500 च्या वर जातं, म्हणजे नवा क्रँक आलाच. मेन कॅप (क्रँक ब्लॉकला धरून ठेवणाऱ्या टोप्या) त्याच ब्लॉकच्या आहेत का ते पाहा, आणि मेन बोअर सरळ रेषेत असल्याचं मोजून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.