सांदण दरीच्या झिपलाईनचे पैसे भरण्याआधी हे वाचा

पावसाळा सरला की सांदण दरीच्या जाहिराती मोबाईलवर धडकू लागतात. पावसात दरीतून पाणी वाहतं, उतरता येत नाही, त्यामुळे हिवाळा आणि उन्हाळ्याची सुरुवात हाच या धंद्याचा मोसम. फेब्रुवारीत एका पेजच्या अशाच जाहिरातीवरून आम्ही चौदा जण गेलो. थोडे नातेवाईक, बाकी सोसायटीतली मंडळी, त्यात चार शाळकरी मुलं. दरीवरून झिपलाईन (ताणलेल्या वायरला लटकून पलीकडे घसरत जाणं), सांदणचा ट्रेक, रॅपलिंग (दोरीने कडा उतरणं), जेवण, विमा, वनविभागाची परवानगी, सगळं धरून माणशी २,४५० रुपये. पैसे बुडाले त्याचं दुःख आहेच. पण ज्या वायरला ही माणसं आमची मुलं लटकवणार होती ती डोळ्यांसमोर आली की आजही संताप होतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पैसे भरण्याआधी मी कागद मागितले होते. राज्याचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला हवी. नोंदणीचा कागद मागितल्यावर फोटो आला, त्यात शिक्का होता, सही होती, पण संस्थेच्या नावाची ओळ कापलेली. पुन्हा मागितला तेव्हा पूर्ण फोटो आला आणि नाव निघालं वेगळंच. ‘ही आमची मूळ संस्था आहे मॅडम, पेज आम्ही चालवतो,’ असं उत्तर. परत आल्यावर मी त्या संस्थेच्या कार्यालयात फोन केला. त्यांना या पेजचा पत्ताच नव्हता. त्यांचा कागद कुणीतरी कुठूनतरी उचलून सर्रास फिरवत होतं.

खरा प्रकार बसमध्ये उलगडला. शेजारच्या सीटवरच्या मुलींनी दुसऱ्याच पेजवर १,४९९ भरले होते, मागच्या ऑफिसच्या ग्रुपने तिसऱ्याच माणसाला १,८००. या धंद्याची रीत अशी, की कुणीही इन्स्टाग्रामवर पेज काढतो, दुसऱ्यांचे फोटो लावतो, गिऱ्हाईक गोळा करतो, आपला वाटा कापून घेतो आणि माणसं पुढच्याच्या हवाली करतो. तो पुढचाही तेच करतो. ज्याला तुम्ही पैसे दिले तो जंगलात येतच नाही, आणि जो येतो त्याला तुम्हाला काय काय कबूल केलंय हे ठाऊक नसतं. आमच्यासोबत ‘ट्रेक लीडर’ म्हणून कॉलेजची दोन मुलं होती. प्रथमोपचाराची पेटी विचारली तर एकाने सॅकमधून बँडेजची पट्टी आणि वेदनाशामक स्प्रे काढून दाखवला. विम्याचा पॉलिसी नंबर? ‘सर पाठवतील.’

राजूर, शेंडी करत पहाटे साम्रदला पोचलो. हे गाव अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या भागात येतं. इथे प्रवेशाची पावती लागते. ती आमच्या पैशांत धरलेली होती, तरी लीडरने हात वर केले आणि आम्ही पुन्हा माणशी पैसे काढले.

ज्यांच्या अंगणात नाश्ता होता त्या मामांशी बोलले तेव्हा सगळ्यात जास्त वाईट वाटलं. त्यांना फक्त ‘साठ माणसांचा नाश्ता आणि जेवण’ एवढंच सांगितलं होतं. आगाऊ एक रुपया नाही. त्यांनी वही आणून दाखवली. निळ्या शाईत तारीख, माणसं, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम. शेवटचा रकाना कितीतरी ओळींवर कोरा. ‘ताई, पोरं म्हणत्यात, पुढल्या ट्रिपला देतो. पुढली ट्रिप येती ती दुसऱ्याच नावानं.’ तरीही नागलीच्या भाकरी, पिठलं, भात, काही कमी केलं नव्हतं त्या घराने. मामी चुलीपुढून उठल्या नव्हत्या.

दरीबद्दल एकही तक्रार नाही. दोन्ही बाजूंनी सरळ उभे कातळ, मध्ये माणूस जाईल एवढीच वाट, सुरुवातीच्या डोहात कंबरेपर्यंत गार पाणी. मुलं हरखून गेली. गावातला एक तरुण वाट दाखवायला होता, खरी जबाबदारी त्यानेच घेतली. घसरड्या दगडांवर एकेकाचा हात धरून त्याने सगळ्यांना पार केलं. लीडर दोघं व्हिडिओ काढत होते. रॅपलिंगचं ‘सामान आलं नाही’ म्हणून ते रद्द.

दुपारी झिपलाईनचं विचारलं. आधी वारा जास्त असल्याचं कारण, मग ‘पॉइंट दुसरीकडे आहे, माणशी पाचशे वेगळे’. वाद घालून झाला, मुलं हट्टाला पेटली, म्हणून निदान बघू तरी म्हणून गेलो.

एका ओढ्यावर, दोन काठांवरच्या झाडांना बांधलेली एकच वायर. माझे मेव्हणे लिफ्ट दुरुस्तीत आहेत, वायर रोप हे त्यांचं रोजचं काम. ते बांधणीपाशी गेले आणि तिथेच थांबले. वायर दुमडून जिथे क्लॅम्प लावतात तिथे कमीत कमी तीन तरी हवेत, इथे दोन होते, तेही गंजलेले. शिवाय क्लॅम्पचा यू-बोल्ट, म्हणजे यू आकाराचा बोल्ट, भार घेणाऱ्या बाजूला आवळला होता. ‘यू-बोल्ट नेहमी मोकळ्या टोकावर असतो. असा लावला की तो भाराची वायरच चिरडतो,’ ते म्हणाले. चार तारा तुटून बाहेर आल्या होत्या, बोटाला टोचत होत्या. मग आम्ही बाकीचं सामान हातात घेतलं. चढाईच्या कॅराबिनरवर, म्हणजे स्क्रूने बंद होणाऱ्या धातूच्या हुकावर, तो किती भार सोसतो ते किलोन्यूटनमध्ये कोरलेलं असतं. इथल्या हुकांवर एक अक्षर नव्हतं आणि एकाचा स्क्रू फिरतच नव्हता. अंगाला बांधायच्या पट्ट्याची, म्हणजे हार्नेसची, कमरेजवळची शिलाई उसवलेली. दुसरी सुरक्षा दोरी नाही, आणि पलीकडे ब्रेक म्हणून झाडाला बांधलेला टायर.

‘आत्तापर्यंत कुणाला काही झालं नाही,’ लीडर म्हणाला. मेव्हण्यांनी त्याला विचारलं, ‘आत्तापर्यंत तपासलं कुणी?’ त्याला उत्तर देता आलं नाही. आम्ही कुणालाही चढू दिलं नाही. दुसऱ्या ग्रुपमधले पाच-सहा जण पैसे भरून गेलेच. ते सुखरूप पलीकडे पोचेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

परतीच्या वाटेवरच व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय झाली. दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून काढून टाकलं. यूपीआयवर पैसे घेणारं नाव पेजचं नव्हतंच, एका व्यक्तीचं होतं, आणि त्या व्यक्तीचा फोन बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. पोलीस ठाण्यात म्हणाले, सहल तर झाली ना, मग हा वाद ग्राहक आयोगाचा. पण दुसऱ्याचा नोंदणीचा कागद दाखवून पैसे घेणं ही फसवणूकच आहे, हे मी लेखी दिलं आणि पोच घेतली. तुम्हीही पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आता ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, सहल कुठेही झालेली असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन करा, मला तिथे नीट माहिती मिळाली. जाहिरातीचे स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढून ठेवा, पेज उडालं की काही हाती राहत नाही.

पैसे भरताना एवढं विचाराच: आमच्यासोबत जंगलात नक्की कोण येणार, त्याचं नाव आणि नंबर. त्याच्याशी स्वतः बोला. ज्या गावात जेवण आहे तिथल्या घराचा नंबर मागा आणि फोन करून विचारा, आमचं बुकिंग आहे का, तुम्हाला पैसे मिळाले का. साम्रदमध्ये थेट गावातल्या माणसांकडूनही राहण्याजेवणाची आणि वाटाड्याची सोय होते.

आमच्यासोबत फेब्रुवारीत त्या बसमध्ये जे होते, त्यांनी पैसे भरल्याची नोंद आणि जाहिरात जपून ठेवली असेल तर कृपया पुढे या. एकाच कारणाने फसलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि मामांच्या वहीची पानंही त्यांनी आम्हाला पुरावा म्हणून द्यायचं कबूल केलं आहे.